खोतमामांची ताटली

"हे काय करताय मामा?"

"दिसत न्हाई व्हय? भाकरी गरम करायलोय. खाणार काय चतकोर?"

भट्टीपासून पंधरा पावलांवर मी उभी होते. गळ्यात स्टॉपवॉच, हातात वही, डोक्यावर पिवळं हेल्मेट, ते सारखं कपाळावर घसरत होतं. समोर लॅडल होती. लॅडल म्हणजे जाड पोलादाची, कमरेएवढ्या उंचीची बादली. तिला आतून मातीचा जाड लेप देतात, त्याला कारखान्यात लायनिंग म्हणतात. भट्टीतला लोखंडाचा रस आधी लॅडलमध्ये घ्यायचा आणि मग क्रेननं ती साच्यांवर नेऊन ओतायची. त्याआधी बर्नर लावून ती आतून तापवायची. बर्नर काढला की तिच्यावर पत्र्याचं झाकण बसायचं. त्या झाकणाला मधोमध तळहाताएवढं भोक होतं आणि त्या भोकावर खोतमामा आपली जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, ताटली ठेवायचे.

ताटली एरवी पाण्याच्या माठाच्या बुडाशी, गार वाळूवर असायची. तिथून उचलायची, टॉवेलनं कोरडी करायची, भोकावर ठेवायची. लगेच एकदा उचलून खालून अंगठा फिरवायचा. परत ठेवायची आणि मग तिच्यावर भाकरी. भाकरी तापली की उभ्याउभ्या दोन घास खायचे आणि हात वर करायचा. मामांचा हात वर गेला की भट्टी कलायची. त्याआधी कुणी हाक मारली, कुणी शिव्या दिल्या, तरी नाही.

मी घड्याळ थांबवलं. अकरा मिनिटं. वहीत लिहिलं: 'जेवण गरम करणे. अनुत्पादक वेळ.' अक्षर माझं फार सुंदर होतं तेव्हा.

ही सोळा वर्षांपूर्वीची, मार्च महिन्यातली गोष्ट. मी सत्तावीस वर्षांची होते आणि विद्यापीठाच्या धातुशास्त्र विभागात कंत्राटी अध्यापक होते. दर जूनमध्ये माझी नेमणूक संपायची आणि जुलैमध्ये कुणाची तरी कृपा झाल्यासारखी पुन्हा मिळायची. त्या वर्षी विद्यापीठानं उद्योग-सहयोग केंद्र उघडलं. आमच्याकडचं ज्ञान कारखान्यांना द्यायचं, कारखान्यांकडचं आम्ही घ्यायचं, आणि दोघांनी मिळून नवं काहीतरी घडवायचं, असा बेत होता. आमचे विभागप्रमुख उपळेकर सर त्या केंद्राचे संचालक झाले आणि पहिलाच करार फाट्यावरच्या औद्योगिक वसाहतीतल्या मगदूम फौंड्रीशी झाला.

मगदूम साहेबांनी पहिल्याच बैठकीत सरळ मुद्द्याला हात घातला. "सर, माझी सगळी फौंड्री खोतमामांच्या टाळूखाली आहे. तो माणूस जुलैअखेर रिटायर होतोय. त्याच्या हातची कास्टिंग शंभरात दोन खराब निघत नाहीत. दुसरा कुणी उभा राहिला की पंधरा निघतात. त्याच्या डोक्यातलं मला कागदावर पाहिजे."

"मिळेल," उपळेकर सर म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

परत येताना गाडीत ते म्हणाले, "शर्मिला, एका पानाचं पत्रक कर. मगदूमांकडे चाललं की आणखी सहा फौंड्र्या रांगेत आहेत. पत्रक चाललं तर केंद्र चाललं, आणि केंद्र चाललं तर तुझी जागा कायम. हा माझा शब्द समज."

मग काय, मी हेल्मेट घालून रोज सकाळी फौंड्रीत हजर.

खोतमामा म्हणजे यशवंत खोत. बुटका, काटक माणूस, भुवया कायम जळालेल्या, आणि डाव्या कानाची पाळीच नाही. "हे काय झालं?" असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "शाळेत मास्तरनं पिळला," ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले होते, "तवापासनं मास्तर लोकांपासनं लांब ऱ्हातो." आजूबाजूचे सगळे फिदीफिदी हसले. त्यात त्यांचा पुतण्या धनाजीही होता. धनाजी बत्तीस वर्षांचा, उंच, कमी बोलणारा. मामांच्या हाताखाली नऊ वर्षं लॅडलवर होता आणि नऊही वर्षं कंत्राटावर. मामा गेल्यावर लॅडल त्याच्या हातात येणार हे सगळ्यांनी धरलेलं होतं.

मामा मला सगळं सांगायचे. रसाचा रंग कसा बघायचा, वर आलेली मळी कधी काढायची, साच्यात ओतताना धार कुठं जाड करायची आणि कुठं बारीक. मी सगळं मोजायची, लिहायची. एकदा ते म्हणाले, "बाई, माझं समदं तुमच्या वहीत गेलं की मला घरला धाडतील बघा." मी हसण्यावारी नेलं. "मामा, तुमचं नाव येईल पत्रकावर," मी म्हणाले. नाव आलं नाही, हे आत्ताच सांगून टाकते.

नऊ एप्रिलला एक विचित्र गोष्ट झाली. बर्नर चाळीस मिनिटं चालून बंद झाला होता. मामांनी ताटली ठेवली, उचलली, अंगठा फिरवला, आणि भाकरी काही ठेवली नाही. टॉवेलला अंगठा पुसला आणि धनाजीला नुसती मान हलवली. धनाजीनं झाकण काढून बर्नर पुन्हा पेटवला. भट्टीत रस तयार होता, वीज जळत होती. काचेच्या केबिनमधून मगदूम साहेब तणतणत खाली आले.

"आता काय झालं?"

"काय न्हाई. जरा थांबू या."

"अहो पण का?"

"मला वाटलं म्हणून."

मगदूम साहेब माझ्याकडे वळले. "बघा मॅडम. 'मला वाटलं म्हणून.' हेच मला नको आहे."

आणखी बत्तीस मिनिटं बर्नर चालला. मी मामांना हळूच विचारलं, "खरंच का थांबलात?" त्यांनी केबिनकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "भूक न्हवती." मी वहीत लिहिलं: बहात्तर मिनिटं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'कारण अस्पष्ट.' आदल्या दिवशी त्या लॅडलला लायनिंगचं ठिगळ मारलं होतं. ते माझ्या वहीत आदल्या दिवशीच्या पानावर लिहिलेलंसुद्धा होतं. पान उलटून बघायचं मला सुचलं नाही.

मेअखेर माझ्याकडे त्रेचाळीस नोंदी झाल्या. बेचाळीस जवळपास सारख्या आणि एक ही अशी. सरांनी आलेख पाहिला, चष्मा वर केला.

"हा एक ठिपका कुठं उडालाय?"

"त्या दिवशी त्यांनी बर्नर परत लावला सर. कारण सांगितलं नाही."

"म्हणजे लहर. एका नोंदीपायी सगळी सरासरी बिघडवायची का? काढून टाक."

मी लाल पेन घेतलं आणि त्या ओळीवर रेघ मारली. विज्ञानात असं करतात. ज्या नोंदीचं कारण सापडत नाही ती बाजूला ठेवतात, फक्त आधी कारण शोधतात. मी आधीचं केलं नाही, नंतरचं केलं.

एकतीस मे हा माझा फौंड्रीतला शेवटचा दिवस. मी वही पिशवीत टाकत होते तेवढ्यात मामा जवळ आले. रोज थट्टा करणारा माणूस त्या दिवशी जमिनीकडे बघून बोलत होता.

"बाई, एकदा घरला या. एक ऱ्हायलंय सांगायचं."

"मग इथंच सांगा की."

"हितं नको." त्यांनी वर काचेकडे पाहिलं. "आमच्या उस्तादानं मला ते कामाच्या शेवटच्या दिवशी सांगितलं. नऊ वर्षं मी त्याच्या बाजूला उभा होतो, बघत होतो, पर त्यानं सांगितलं न्हाई. जाताना जवळ घिऊन सांगितलं. रीतच हाय ती आमची. आन् दुसरं म्हंजे, साहेबास्नी तुमी एक बोला. धनाजीला परमनंट करा म्हणावं. कागद हातात पडला की मी त्याला बी सांगतो आन् तुमास्नी बी लिवून देतो."

"धनाजीलाही माहीत नाही?"

"ताटली तो आणून देतो. अंगठा माझा असतो."

मला वाटलं, म्हातारा अडून बसलाय. वाईटही वाटलं, कारण धनाजीचं आणि माझं दुखणं एकच होतं. मी म्हणाले, "मी बोलते साहेबांशी. आणि रविवारी येते घरी. नक्की."

"दुपारी या. जेवायलाच या."

साहेबांशी मी बोलले. "त्याचं बघू," असं म्हणून त्यांनी फोन उचलला. रविवारी मात्र मी गेले नाही. सोमवारी सकाळी पत्रक कुलगुरूंसमोर जायचं होतं, तक्ते नीट लागत नव्हते, सर दर तासाला फोन करत होते. मी मनाशी म्हटलं, पुढच्या रविवारी जाऊ. मामांकडे तेव्हा फोन नव्हता, त्यामुळे न येण्याचं कळवायचीही कटकट नव्हती. मला त्याचं बरंच वाटलं, हे कबूल करायला हवं.

पत्रक झालं. एक पान, नऊ कलमं, वर विद्यापीठाचं बोधचिन्ह. चौथं कलम: 'लॅडल बर्नरवर चाळीस मिनिटे तापवावी व त्यानंतर विलंब न करता रस घ्यावा.' आठवं कलम: 'भट्टीच्या परिसरात खाद्यपदार्थ व भांडी आणू नयेत.' आठवं कलम मी स्वतःहून घातलं होतं, सुरक्षितता म्हणून. सरांनी त्यासाठी माझी पाठ थोपटली.

मगदूम साहेबांनी पत्रक भिंतीवर लावलं आणि मामांना जूनच्या पंधरा तारखेलाच मोकळं केलं. दीड महिन्याची रजा शिल्लक होती, ती घ्या म्हणाले. सत्कार नाही, नारळ नाही. धनाजीला कायम केलं नाही. पत्रक असताना लॅडलवर कोण उभा आहे याला आता महत्त्व उरलं नव्हतं. मामा पिशवी घेऊन निघाले आणि कुणाला काही न सांगता गेले. हे मला धनाजीकडूनच कळलं. "काका घरात कुणाशी बोलंना झालाय," तो म्हणाला, पुढचा रविवारही कामात गेला होता, आणि हे ऐकल्यावर माझी त्यांच्या दारात जायची छाती झाली नाही.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात प्रात्यक्षिक ठरलं. आठ दिवस ऊन नव्हतं. दोरीवरचे कपडे वाळत नव्हते, आगपेटीच्या काड्या पेटत नव्हत्या, फौंड्रीतली वाळूसुद्धा मुठीला चिकटत होती. शेडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. कुलगुरू आले होते, आणि त्या सहा फौंड्र्यांचे मालक पुढच्या रांगेत बसले होते. मी नवी साडी नेसले होते. 

"मॅडम, आपली लॅडल बघा," मगदूम साहेब खुशीत म्हणाले. "कालच नवं लायनिंग करून घेतलं. अगदी नवरीसारखी सजवलीय."

मी धनाजीकडे पाहिलं. तो लॅडल कलवायच्या चाकापाशी उभा होता. हातमोजे नवे, चेहरा उतरलेला.

"धनाजी, काय झालं?"

"काय न्हाई मॅडम." मग हातमोजा ओढत म्हणाला, "माठाखालची ताटली फेकून दिली साहेबांनी. उगंच हात मोकळा मोकळा वाटायलाय."

तेवढ्यात वॉचमन मला शोधत आला. गेटवर खोतमामा आलेत, यादीत नाव नाही म्हणून अडवलंय, आणि ते तुमचंच नाव घेतायत. मी गेले. मामा गजांच्या पलीकडे उभे होते. दाढी वाढलेली, हातात कापडी पिशवी. मला पाहून नमस्कार नाही, थट्टा नाही.

"बाई, धनाजी सांगत हुता, काल नवं लायनिंग लावलंय. खरं काय?"

"हो. पाहुणे येणार म्हणून."

"बर्नर किती?"

"चाळीस मिनिटं. होतच आली असतील."

त्यांनी गज दोन्ही हातांनी धरले. "ह्या हवंत? चाळीस?" त्यांचा आवाज एकदम खाली गेला. "बाई, नीट ऐका. नवी माती वरनं वाळती, आतनं पाणी धरून बसती. वरनं रस वतला की त्या पाण्याची वाफ हुती आन् तिला भाईर पडायला वाट न्हाई. मग ती रस घिऊनच वर येती. भाकरी कुठली गरम करतोय मी! गार ताटली भोकावर ठेवायची, धा मोजायचं, खालनं अंगठा फिरवायचा. वला लागला तर रस घ्यायचा न्हाई. हे एवढंच हुतं सांगायचं." त्यांनी मान वळवून पाळी नसलेला कान माझ्यासमोर धरला. "एकदाच इसरलो हुतो मी."

पिशवीतून त्यांनी घरची एक ताटली काढली आणि गजांतून माझ्याकडे सरकवली. ती गार होती. ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती.

मी पळाले. नव्या साडीचा काठ कुठंतरी फाटला. शेडमध्ये पोहोचले तेव्हा बर्नर बंद झाला होता, झाकण बसलं होतं आणि भट्टीचा ऑपरेटर धनाजीच्या हाताकडे बघत होता. धनाजीचा हात वर जायच्या बेतात होता.

"थांबा!"

खुर्च्यांतून माना वळल्या. मी सरळ लॅडलपाशी गेले. भाजत होतं. पदरानं ताटली कोरडी केली, भोकावर ठेवली आणि मोजायला लागले. एक, दोन, तीन. मगदूम साहेब काहीतरी ओरडत होते. पाच, सहा. "शर्मिला, बाजूला हो," सरांचा आवाज आला, अगदी शांत, म्हणजे रागाची परिसीमा. नऊ, दहा. ताटली उचलली. खालून अंगठा फिरवला.

अंगठा ओला झाला.

नुसता दमट नव्हे. ताटलीच्या कडेवरून एक थेंब ओघळला आणि माझ्या मनगटावर पडला. धनाजीनं तो पाहिला. नऊ वर्षं त्यानं काकाचा अंगठा पाहिला होता, पण अंगठ्यावर काय असतं ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तो चाकापासून दोन पावलं मागं सरला आणि म्हणाला, "मी रस घेणार न्हाई."

"तुझी नोकरी..." मगदूम साहेबांनी सुरुवात केली.

"नोकरी कुठाय साहेब? कंत्राट हाय," धनाजी म्हणाला.

मी लॅडलपुढून हलले नाही. शेवटी साहेबांनी पाहुण्यांकडे तोंड करून हसून सांगितलं की किरकोळ तांत्रिक विलंब आहे, चहा घेऊ या. बर्नर पुन्हा पेटला. मी धनाजीला गेटवर पाठवून मामांना आत आणवलं. कुणी अडवलं नाही. मामा कोपऱ्यात खांबाला टेकून उभे राहिले. दोन वेळा त्यांनी ताटली ठेवली आणि दोन वेळा मान हलवली. तिसऱ्या वेळी हात वर केला. भट्टी कलली, रस लॅडलमध्ये उतरला, शांतपणे, दुधासारखा. साचे भरले. टाळ्या वाजल्या.

आणि जे घडलं नाही ते कुणाला दिसत नाही. सर माझ्या शेजारून माईककडे जाताना कुजबुजले, "तमाशा केलास. नंतर बोलू." मला त्याचंही काही वाटलं नाही. धनाजी जिवंत होता, मी जिवंत होते, मला तेवढं पुरेसं होतं.

सर बोलायला फार चांगले. ज्ञान विद्यापीठाच्या चार भिंतींत कसं कोंडून पडतं आणि कारखान्याच्या चार भिंतींत कसं एका माणसाबरोबर मरतं, हे त्यांनी छान सांगितलं. मग म्हणाले, "आणि मित्रहो, आजचा दिवस केवळ मगदूम फौंड्रीचा नाही. समोर बसलेल्या सहाही उद्योजकांनी आजच, आपल्या तासाभर मागोमाग, आपापल्या कारखान्यात हेच पत्रक अमलात आणायला घेतलं आहे. तुलना शास्त्रशुद्ध व्हावी म्हणून सातही ठिकाणी परिस्थिती सारखी ठेवली आहे. सातही ठिकाणी कालच नवं लायनिंग केलं आहे. ही सूचना केंद्राचीच."

हे मला ठाऊक नव्हतं. पत्रक माझं होतं, सूचना सरांची.

मी खांबाकडे पाहिलं. मामा टेकलेले होते ते सरळ झाले.

"फोन करा," मी म्हणाले. कुणी वळलं नाही म्हणून ओरडले, "फोन करा! आपापल्या फौंड्रीत फोन करा, रस घेऊ नका म्हणावं!"

सहापैकी दोघं हसले. एकानं कुलगुरूंकडे पाहिलं. सर माईकवरून म्हणाले, "मिस नलवडे, कृपया." मग मामा पुढं आले. त्या वसाहतीत खोतमामांना न ओळखणारा मालक नव्हता.

"रावसाब," ते पहिल्या खुर्चीतल्या मालकाला म्हणाले, "पाया पडतो. आधी फोन लावा, मग काय हसायचं ते हसा."

सहा फोन निघाले. "हां, पवार? घेतला का? नाही ना? थांबवा." "कुणीतरी भट्टीवर जाऊन सांगा, आत्ताच्या आत्ता." एकाचा कारखाना वीज गेल्यामुळं सकाळपासून बंदच होता, तो देवाला हात जोडून हसला. तीन झाले, चार झाले, पाच झाले. रावसाहेबांचा फोन नुसता वाजत होता. त्यांनी कापला, परत लावला. भट्टीचा पंखा तेवढा घरघरत होता.

मग उचलला. रावसाहेब "हॅलो" म्हणाले आणि गप्प झाले. फोन कानापासून हळूहळू लांब झाला, तसा आतला आवाज आम्हालाही ऐकू यायला लागला. फोन उचलणारा फोनवर बोलतच नव्हता. तो दुसऱ्या कुणालातरी ओरडून सांगत होता, "पाणी नगं! पाणी टाकू नगा! वाळू आणा, वाळू!"

तिघं भाजले. त्यातला आनंदा वाघमोडे, वय सव्वीस, चौथ्या दिवशी गेला. तो लॅडलच्या चाकावर होता. पत्रक त्याच्या मागच्या भिंतीवर होतं, आणि त्यानं ते तंतोतंत पाळलं होतं.

ऑक्टोबरमध्ये चौकशी समिती बसली. अध्यक्षांनी माझी वही आणि पत्रकाचा तक्ता शेजारीशेजारी ठेवला. "वहीत त्रेचाळीस नोंदी आहेत. तक्त्यात बेचाळीस. ही लाल रेघ कुणी मारली?"

उपळेकर सर खिडकीबाहेर बघत होते. मी त्यांच्याकडे पुरेसा वेळ पाहिलं. मग म्हणाले, "मी."

ते खरंच होतं. पेन माझं होतं. माझी नेमणूक त्या वर्षी संपली ती संपलीच. पुढं मी एका तंत्रनिकेतनात लागले, अजून तिथंच आहे. पत्रकाची सुधारित आवृत्ती मी पाहिली आहे. त्यात चौथ्या कलमाखाली ओलाव्याच्या चाचणीची एक ओळ आहे, ताटलीसकट. खाली केंद्राचं नाव आहे.

समितीसमोर साक्ष झाली त्याच आठवड्यातल्या रविवारी मी मामांच्या घरी गेले. पाच महिन्यांनी. मामा दारातच बसले होते. धनाजीची मुलगी अंगणात पाटीवर काहीतरी गिरवत होती. मी त्यांच्या पायाशी बसले आणि रडले. त्यांनी रडू दिलं.

"मी बी हट्टाला पेटलो, बाई," ते म्हणाले. "धनाजीचा कागद धनाजीचा कागद करत बसलो. त्या गेलेल्या पोराला बी एक काका असंल कुठंतरी. पर तुमी आला असता तर मी सांगणार हुतो. कागद न्हाई मिळाला तरी. तुमी घरला येताय म्हटल्यावर आदल्या राती ठरवलं हुतं मी."



"दुपारपातूर जेवलो न्हाई मी त्या ऐतवारी," ते म्हणाले. "धाकट्या सुनंला सांगितलं, बाईंची भाकरी शेवटाला कर, गरम पायजे."